श्वासातून डोळ्याच्या पडद्यापर्यंत

हवेच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा फुप्फुसांपासून सुरू होते आणि हृदयापाशी येऊन थांबते. डोळ्यांचा उल्लेख झालाच तर तो चुरचुरणे, लाली किंवा पाणी येणे अशा तक्रारींपुरता होतो. या तक्रारी डोळ्याच्या बाह्य पृष्ठभागाच्या असून हवा निवळली की त्या सहसा ओसरतात. गेल्या दीड दशकातील संशोधनाने मात्र डोळ्याच्या आतील भागाकडे, म्हणजे ज्याला बोलीभाषेत डोळ्याचा पडदा आणि शास्त्रीय परिभाषेत दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात त्याकडे, लक्ष वेधले आहे. हे पटल डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेले असते आणि बाहेरच्या हवेचा त्याला कधीही स्पर्श होत नाही. तरीही हवेतील अतिसूक्ष्म कणांचे परिणाम तेथवर पोहोचतात, असे मानण्यास आता बराच आधार आहे. या संशोधनातून पुढे येणारी सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या वैशिष्ट्यांच्या बळावर दृष्टिपटल आपले असामान्य काम करते, म्हणजे प्राणवायूची मोठी गरज, रक्ताचा मुबलक पुरवठा, सहज ऑक्सिडीभवन होणाऱ्या मेदाने समृद्ध असलेल्या पेशी आणि आयुष्यभर टिकावा लागणारा आधारथर, तीच वैशिष्ट्ये त्याला या कणांपुढे दुबळे करतात.

कणांचा आकार आणि त्यांचा मार्ग

हवेतील धूलिकणांचे वर्गीकरण त्यांच्या व्यासानुसार केले जाते. ‘पीएम’ ही ‘पार्टिक्युलेट मॅटर’ या शब्दांची आद्याक्षरे असून पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण, तर पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण होत. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर असते, हे लक्षात घेतले की या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना येते. रस्त्यावरची व बांधकामांवरची धूळ बव्हंशी भरड असते, तर पीएम २.५ मुख्यतः ज्वलनातून निर्माण होते: डिझेल, दगडी कोळसा, लाकूड, गोवऱ्या, कचरा आणि शेतातील काडीकचरा जळताना. त्यात भर पडते ती हवेतच तयार होणाऱ्या कणांची, कारण सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अमोनिया हे वायू परस्परांशी क्रिया करून सल्फेट आणि नायट्रेट यांचे सूक्ष्म कण बनवतात. त्यामुळे पीएम २.५ हा एक पदार्थ नसून आकाराच्या निकषावर एकत्र मोजलेले मिश्रण आहे. त्यात काजळीचा गाभा, त्याला चिकटलेली लोह, तांबे, शिसे यांसारखी मूलद्रव्ये आणि अर्धवट ज्वलनातून निघणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन संयुगे असे बरेच काही असते.

मोठे कण नाकात आणि श्वासनलिकेतील श्लेष्म्यात अडकतात, पीएम २.५ मात्र फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत उतरते, जेथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये पेशींचा अत्यंत पातळ पडदा असतो. त्यातील सर्वांत लहान कण, म्हणजे ०.१ मायक्रोमीटरहून कमी व्यासाचे अतिसूक्ष्म कण, हा पडदा ओलांडून रक्तात शिरू शकतात. एडिनबरो येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे निरुपद्रवी अतिसूक्ष्म कण श्वासावाटे दिले असता, पुढील १५ मिनिटे ते २४ तासांच्या अवधीत त्यांच्या रक्तात व लघवीत सोने आढळले आणि तीन महिन्यांनंतरही त्याचा अंश शिल्लक होता. सोने शरीरात एरवी जवळजवळ नसल्याने त्याचा माग काढणे सोपे होते. काजळीच्या कणांचा माग काढणे अधिक कठीण असले तरी त्यांचा प्रवास याच वाटेने होत असणार, असे अनुमान त्यावरून निघते.

दृष्टिपटलापर्यंत पोहोचण्याचा हा थेट मार्ग झाला. दुसरा, आणि कदाचित अधिक महत्त्वाचा, मार्ग अप्रत्यक्ष आहे. कण फुप्फुसातच अडकून राहिले तरी तेथील भक्षक पेशी त्यांना गिळून टाकण्याच्या प्रयत्नात दाह निर्माण करणारी प्रथिने रक्तात सोडतात, आणि ही प्रथिने रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला सर्वत्र उत्तेजित करतात. म्हणजे कण स्वतः डोळ्यात न जाताही त्यांनी पेटवलेला दाह तेथे पोहोचू शकतो.

भूक मोठी, सहनशक्ती मर्यादित

दृष्टिपटल जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे असले तरी त्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी सामावलेल्या असतात. मंद प्रकाशातील दृष्टी दंडपेशींवर, तर रंग आणि बारकावे यांची जाण शंकुपेशींवर अवलंबून असते. या प्रकाशग्राही पेशी विद्युत संदेश निर्माण करतात, मधल्या पेशी त्यांवर प्राथमिक संस्कार करतात आणि शेवटी सुमारे १० लाख गुच्छिका पेशींचे लांब तंतू एकत्र येऊन बनलेला दृष्टिचेता हा संदेश मेंदूकडे नेतो. या कामासाठी लागणारी ऊर्जा प्रचंड असते. वजनाच्या मानाने पाहिल्यास दृष्टिपटल हे शरीरातील सर्वाधिक प्राणवायू वापरणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. अंधारात ही गरज आणखी वाढते, कारण प्रकाश नसताना दंडपेशींमध्ये सोडियमचे आयन सतत आत येत राहतात आणि ते बाहेर टाकण्यासाठी पेशींना अखंड ऊर्जा खर्च करावी लागते.

ही गरज दोन बाजूंनी भागवली जाते. दृष्टिपटलाच्या आतील थरांना बारीक रोहिण्या आणि केशवाहिन्या रक्त पुरवतात, तर प्रकाशग्राही पेशी असलेल्या बाहेरील थराला त्यामागील ‘कोरॉइड’ नावाच्या रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यातून प्राणवायू मिळतो. बारीक अक्षर वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे ज्या मध्यवर्ती भागामुळे साधतात त्या पीतबिंदूच्या नेमक्या केंद्रात तर स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतातच. तो भाग पूर्णपणे कोरॉइडवर विसंबून असतो. कोरॉइडमधून वजनाच्या मानाने अतिशय जास्त रक्त वाहते, त्यामुळे रक्तात जे काही फिरत असेल, मग ते कण असोत वा दाहकारक प्रथिने, त्याच्याशी या भागाचा संबंध इतर अनेक अवयवांपेक्षा अधिक येतो.

रक्तातील प्रत्येक गोष्ट चेतापेशींपर्यंत पोहोचू नये यासाठी निसर्गाने मध्ये एक अडसर ठेवला आहे. आतील बाजूस केशवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी परस्परांना घट्ट जोडलेल्या असतात. बाहेरील बाजूस, कोरॉइड आणि प्रकाशग्राही पेशी यांच्यामध्ये, षट्कोनी पेशींचा एकेरी थर असतो, ज्याला नेत्रतज्ज्ञ ‘रेटिनल पिगमेंट एपिथेलियम’ म्हणतात आणि ज्याला येथे रंगद्रव्य-थर म्हणता येईल. सूक्ष्म कणांच्या परिणामांविषयीचे बरेचसे पेशीय संशोधन या एका थराभोवती फिरते, आणि त्याला सबळ कारण आहे. हा थर अडसराचे काम तर करतोच, शिवाय प्रकाशग्राही पेशींना पोषण पुरवतो, दृष्टीसाठी लागणारे अ जीवनसत्त्वाचे रूप पुन्हा तयार करून देतो आणि रोज त्यांचा कचरा उचलतो. प्रकाशग्राही पेशींची बाह्य टोके प्रकाशाच्या माऱ्याने सतत झिजतात. त्यांचा साधारण दहावा भाग दररोज गळून पडतो आणि रंगद्रव्य-थरातील पेशी तो गिळून पचवतात. एवढे काम करणाऱ्या या पेशींचे प्रौढपणी विभाजन जवळजवळ होत नाही, त्यामुळे मेलेल्या पेशीची जागा घेण्यास नवी पेशी येत नाही, केवळ शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा झाकतात.

पेशीच्या आत काय घडते

सूक्ष्म कणांच्या घातकपणाचे मूळ त्यांच्या पृष्ठभागावरील रसायनांत आहे. लोह आणि तांबे ही मूलद्रव्ये पेशीतील हायड्रोजन पेरॉक्साइडशी क्रिया करून अत्यंत क्रियाशील मुक्त मूलके निर्माण करतात, तर बहुचक्रीय हायड्रोकार्बन संयुगांचे विघटन करताना पेशीची स्वतःची विकरेही अशाच मूलकांना जन्म देतात. मुक्त मूलके ही इलेक्ट्रॉनची कमतरता असलेली अस्थिर रेणुरूपे असून ती जवळच्या मेदाचे, प्रथिनांचे आणि डीएनएचे इलेक्ट्रॉन हिरावून घेतात. प्रत्येक पेशीकडे त्यांना निष्प्रभ करणारी संरक्षणव्यवस्था असते. मूलकांची निर्मिती या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेर गेली की त्या स्थितीला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात.

दृष्टिपटल या ताणाच्या उंबरठ्यावर नेहमीच उभे असते. भरपूर प्राणवायू, दिवसभर पडणारा प्रकाश आणि प्रकाशग्राही पेशींच्या पटलात विपुल असलेले ‘डीएचए’ हे बहुअसंतृप्त मेदाम्ल, जे सहज ऑक्सिडीभूत होते, या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात. बाहेरून आलेल्या मूलकांची भर पडली की आधीच भरलेले पारडे कलते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या रंगद्रव्य-पेशी पीएम २.५ च्या संपर्कात आणल्या असता दिसणाऱ्या बदलांची मालिका यानंतर समजण्यास सोपी जाते. पहिला आघात मायटोकॉन्ड्रियांवर, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या घटकांवर, होतो. त्यांच्या पटलावरील विद्युतभार घसरतो, ऊर्जा कमी बनते आणि बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया स्वतःच आणखी मूलके सोडू लागतात, त्यामुळे ताण स्वतःला पोसत राहतो. दुसऱ्या टप्प्यात पेशीतील धोक्याची सूचना देणारी प्रथिनव्यवस्था जागी होते आणि इंटरल्यूकिन ६ व इंटरल्यूकिन १ बीटा यांसारखी दाहकारक द्रव्ये स्रवू लागतात. तिसऱ्या टप्प्यात पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारी प्रथिने विस्कळीत होतात, पेशींमधून द्रव झिरपू लागतो आणि अडसर सैल पडतो. काही प्रयोगांत या पेशी आपला षट्कोनी आकार आणि शिस्त सोडून लांबट, सरकणाऱ्या, व्रण बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागल्याचेही आढळले आहे. अशा पेशी पूर्वीची पोषणाची आणि सफाईची कामे करीत नाहीत.

यातील सफाईचे काम बिघडणे हे दीर्घ काळात सर्वांत महागात पडते. पुरते न पचलेले अवशेष पेशीत लिपोफुसिन नावाच्या पिवळसर द्रव्याच्या रूपाने साचतात, तर थराखाली मेद व प्रथिनांचे ‘ड्रूझन’ नावाचे साके तयार होतात. वयोपरत्वे होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासाची ही प्रारंभिक खूण मानली जाते. पुढे कोरड्या प्रकारात रंगद्रव्य-थर आणि त्याच्यावर विसंबलेल्या प्रकाशग्राही पेशी ठिकठिकाणी मरून जातात; ओल्या प्रकारात रक्तवाहिन्यांची वाढ घडवणाऱ्या ‘व्हीईजीएफ’ या प्रथिनाच्या प्रभावाने कोरॉइडमधून नव्या, गळक्या वाहिन्या आत घुसतात आणि मध्यवर्ती दृष्टी झपाट्याने जाऊ शकते. धूम्रपानामुळे या विकाराचा धोका दुपटीहून अधिक वाढतो, हे पूर्वीपासून ज्ञात आहे, आणि सिगारेटचा धूर हासुद्धा मूलतः सूक्ष्म ज्वलनकणांचाच लोट असतो. म्हणूनच शहरी हवेतील कणांचाही असा परिणाम होऊ शकतो, या विचाराला जीवशास्त्रीय आधार मिळतो.

लोकसंख्येच्या अभ्यासांतील पुरावा

पेशींच्या पातळीवर जे दिसते ते माणसांत घडते का, हे पाहण्यासाठी दृष्टिपटल एक दुर्मीळ सोय उपलब्ध करून देते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली नेत्रदर्शक उपकरण तयार केल्यापासून जिवंत माणसाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेशिवाय थेट पाहता येऊ लागल्या, आणि १९९१ नंतर विकसित झालेल्या ओसीटी तंत्रामुळे, ज्यात प्रकाशाच्या परावर्तनावरून दृष्टिपटलाचा उभा छेद चित्रित होतो, प्रत्येक थराची जाडी काही मायक्रोमीटरच्या अचूकतेने मोजता येते.

अमेरिकेतील सहा ठिकाणच्या ४,६०७ प्रौढांच्या दृष्टिपटलाच्या छायाचित्रांवर आधारित अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जेथील हवेत पीएम २.५ अधिक होते तेथील रहिवाशांच्या दृष्टिपटलातील सूक्ष्म रोहिण्या अधिक अरुंद असल्याचे त्यात आढळले, आणि दीर्घकालीन पातळीत दर घनमीटर ३ मायक्रोग्रॅमच्या वाढीशी निगडित असलेले आकुंचन हे वय सात वर्षांनी वाढल्यावर होणाऱ्या आकुंचनाइतके होते. अरुंद रोहिणी म्हणजे कमी रक्त, आणि आतील थरातील गुच्छिका पेशींना त्याची झळ लागणे स्वाभाविक आहे.

ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पाने या प्रश्नाला अधिक व्यापक उत्तर दिले. त्यातील १,११,३७० सहभागींच्या माहितीवरून २०१९ साली असे दिसून आले की, अधिक पीएम २.५ असलेल्या भागांतील रहिवाशांमध्ये काचबिंदू असल्याची नोंद सर्वांत स्वच्छ भागांतील रहिवाशांपेक्षा किमान ६ टक्क्यांनी जास्त होती आणि त्यांच्या दृष्टिपटलातील गुच्छिका पेशींचा थर पातळ होता. काचबिंदू हा डोळ्यातील दाब वाढल्याने होणारा विकार म्हणून ओळखला जातो. या अभ्यासात मात्र प्रदूषणाचा डोळ्यातील दाबाशी संबंध आढळला नाही. चेतापेशींची हानी दाबावाचून, रक्तपुरवठा आणि दाह यांच्या वाटेने होत असावी, या तर्काला त्यामुळे बळ मिळते. याच प्रकल्पातील ४० ते ६९ वयोगटाच्या १,१५,९५४ व्यक्तींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात पीएम २.५ च्या वाढीव पातळीशी पीतबिंदूच्या ऱ्हासाची शक्यता ८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तैवानमध्ये ५० वर्षांवरील लोकांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या असता वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्याशी याच विकाराचा याहून ठळक संबंध आढळला.

या पुराव्याचे वजन करताना त्याच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. लोकसंख्येचे अभ्यास संबंध दाखवतात, कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत. प्रदूषित वस्तीत राहणारे लोक उत्पन्न, आहार, व्यवसाय आणि वैद्यकीय तपासणीची सोय या बाबतींतही वेगळे असतात, आणि आकडेशास्त्रीय दुरुस्त्या केल्या तरी हे सर्व फरक पुसले जात नाहीत. ब्रिटिश अभ्यासात निदान बव्हंशी सहभागींच्या सांगण्यावर आधारलेले होते. प्रयोगशाळेतील पेशींनाही त्यांची मर्यादा आहे: सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘एआरपीई-१९’ या पेशी १९८६ साली एका १९ वर्षीय मृत दात्याच्या डोळ्यापासून वाढवलेल्या असून त्या अमर्याद विभाजित होतात, जे खऱ्या डोळ्यातील पेशी करीत नाहीत, शिवाय त्यांच्यावर एका दिवसात ओतली जाणारी कणांची मात्रा डोळ्यापर्यंत वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या मात्रेपेक्षा फार वेगळी असते. मात्र पेशी, रक्तवाहिन्या आणि लोकसंख्या या तीन स्वतंत्र पातळ्यांवरील निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि एखाद्या अभ्यासाच्या उणिवेने हे एकमत मोडत नाही.

जोखमीचे गणित आणि हवेचे मोजमाप

६ किंवा ८ टक्के वाढ एका व्यक्तीच्या दृष्टीने किरकोळ वाटते, आणि वैयक्तिक पातळीवर वय, आनुवंशिकता, मधुमेह आणि धूम्रपान यांचा वाटा निश्चितच मोठा असतो. पण धूम्रपान काही जण करतात, हवा सर्वांना घ्यावी लागते. म्हणून लहान जोखीमही संपूर्ण लोकसंख्येने गुणली की रुग्णांची संख्या मोठी होते. शिवाय ब्रिटिश अभ्यासातील सहभागींच्या परिसरात पीएम २.५ चे वार्षिक प्रमाण सरासरीने दर घनमीटर हवेत केवळ १० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वार्षिक सरासरीची मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, तर भारतात २००९ साली ठरवलेली मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ज्या हवेत ब्रिटिश लोकांच्या दृष्टिपटलावर फरक दिसून आला, ती हवा भारतीय मानकानुसार मर्यादेच्या चौथ्या हिश्शाइतकीच दूषित ठरते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा मुद्दा दूरचा नाही. केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर आणि कोळसा खाणी व औष्णिक वीजकेंद्राचे चंद्रपूर अशा अनेक शहरांचा समावेश हवेची मानके सतत ओलांडल्यामुळेच करावा लागला. भारतात धूर आणि दृष्टी यांच्या संबंधाकडे यापूर्वीही लक्ष गेले आहे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या विश्लेषणात लाकूड व गोवऱ्यांवर स्वयंपाक करणाऱ्या घरांत अंधत्वाचे प्रमाण अधिक आढळले होते. मात्र त्या चर्चेचा रोख मुख्यतः मोतीबिंदूकडे, म्हणजे डोळ्याच्या भिंगाकडे होता. गढूळ झालेले भिंग शस्त्रक्रियेने बदलता येते. मेलेल्या गुच्छिका पेशी किंवा रंगद्रव्य-पेशी परत आणण्याचा प्रस्थापित उपचार आजमितीस उपलब्ध नाही.

व्यक्तीच्या हाती असलेले उपाय यामुळेच मर्यादित ठरतात. गॉगल किंवा डोळ्यांतील थेंब पृष्ठभागावरील चुरचुर कमी करतात, पण दृष्टिपटलाकडे जाणारी वाट नाकातून सुरू होत असल्याने ते तिला अडवू शकत नाहीत. नीट बसणारा एन ९५ मुखपट्टा ती काही अंशी अडवतो. धूम्रपान टाळणे, रक्तातील साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असल्यास, दृष्टिपटलाची नियमित तपासणी करून घेणे यांनी इतर जोखमी कमी होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या चाचण्यांत विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्त यांचे मिश्रण पीतबिंदूचा मध्यम ऱ्हास झालेल्या रुग्णांना उपयोगी ठरले, परंतु त्यावरून प्रदूषणावरचा उतारा म्हणून निरोगी माणसाने गोळ्या घ्याव्यात असा निष्कर्ष निघत नाही.

उरतो तो सार्वजनिक उपाय, आणि तेथे मोजमापाचा प्रश्न कळीचा ठरतो. राष्ट्रीय कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० च्या घटीवरून जोखली गेली. रस्ते धुणे, पाणी फवारणे, बांधकामांभोवती पडदे लावणे यांनी हा आकडा खाली येऊ शकतो, कारण त्यात भरड धुळीचे वजन मोठे असते. वायुकोशांच्या तळाशी उतरून रक्तात दाह पेटवणारे कण मात्र वाहनांच्या नळकांड्यांतून, कोळशाच्या भट्ट्यांतून आणि उघड्यावर जाळल्या जाणाऱ्या कचऱ्यातून येतात, आणि रस्ता धुतल्याने ते घटत नाहीत. दृष्टिपटलाच्या पेशींचे रक्षण हा उद्देश मानला, तर स्वच्छ हवेचा निकष डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीऐवजी ज्वलनातून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या कणांवर आधारावा लागेल, आणि त्यासाठी खर्चाचा व कारवाईचा रोख रस्त्यावरून इंधनाकडे वळवावा लागेल.